तांदूळ किती पाणी पितो, हा अर्धाच प्रश्न आहे

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. सुरुवातीला दहा वाघिणी होत्या, नंतर पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली आणि एका खेपेला 25 लाख लिटर पाणी येऊ लागलं. लातूरकरांच्या घागरी त्यावर भरल्या. आता तेवढ्याच पाण्यावर साळ घेतली असती तर किती तांदूळ मिळाला असता? एक किलो तांदळामागे सुमारे 2,500 लिटर पाणी, ही जगभर धरली जाणारी सरासरी आहे. त्या हिशेबानं अख्ख्या गाडीतल्या पाण्यावर 10 क्विंटल तांदूळ झाला असता. म्हणजे पन्नास किलोचे वीस कट्टे.

आकडा ऐकून धक्का बसतो. मग मोबाइलवर संदेश फिरू लागतात की भात खाणं सोडा, साळीनं देश कोरडा केला. आकडा खोटा नाही, पण तो फार कमी सांगतो. हे 2,500 लिटर नेमकं जातं कुठं, ते पावसाचं असतं की बोअरचं, आणि ज्या जमिनीतून उपसलं तिथं परत भरतं का, हे कळल्याशिवाय त्यावरून काहीच ठरवता येत नाही. मराठवाड्यात राहणाऱ्याला तर हे कळायलाच हवं. आपण साळ फारशी पिकवत नाही, पण तांदूळ रोज खातो.

आधी एक एकर रान घेऊ. खाचरात बोटभर, म्हणजे पाच सेंटिमीटर पाणी उभं करायचं तर एका एकराला 2 लाख लिटर लागतं. उन्हाळ्यात गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर वीस टँकर. आणि हे एकदाच भरून भागत नाही. पेरणीपासून कापणीपर्यंत साळीला पाऊस आणि सिंचन मिळून साधारण 1,200 ते 1,500 मिलिमीटर पाणी दिलं जातं, म्हणजे एकराला 50 ते 60 लाख लिटर.

त्यातलं पीक स्वतः किती पितं? मुळांनी ओढून पानांवाटे सोडलेलं आणि खाचरातून उन्हानं उडालेलं, हे दोन्ही मिळून दिवसाला 4 ते 7 मिलिमीटर होतं. शंभर दिवसांचे झाले 400 ते 700. म्हणजे साळीच्या नावावर लिहिलेल्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास पाणीच खऱ्या अर्थानं हवेत जातं. उरलेलं चिखलणीला लागतं, बांधातून पाझरतं आणि सगळ्यात जास्त खाली मुरतं. भारी चिकणमातीत दिवसाला दोन-चार मिलिमीटर मुरतं, वालुकामय जमिनीत पंचवीस-तीससुद्धा. चिखलणी का करतात ते इथं कळतं. ओल्या मातीत नांगर किंवा केजव्हील, म्हणजे ट्रॅक्टरची लोखंडी जाळीदार चाकं, फिरवून तिची घडण मोडायची, म्हणजे खाली एक घट्ट थर बसतो आणि पाणी धरून ठेवतो.

मग इतकं पाणी उभं कशाला करायचं? साळ पाण्यातच जगते असा समज पक्का आहे, पण तसं नाही. साळीच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून वरची हवा मुळांपर्यंत जाते. म्हणून ती उभ्या पाण्यात तग धरते, आणि बहुतेक तणं धरत नाहीत. शेतकऱ्यासाठी खाचरातलं पाणी हे मुख्यतः तणनाशक आहे. निंदणीच्या मजुरीचे पैसे वाचतात ते पाण्यामुळे. त्याला ‘पाणी कमी कर’ म्हणणाऱ्यानं आधी तणाचं काय करायचं ते सांगावं. हा मुद्दा शहरातल्या चर्चेत सहसा येतच नाही.

खाली मुरलेलं पाणी वाया गेलं का? इथं जागेवर सगळं अवलंबून आहे. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथलं भाताचं खाचर पावसावर भरतं, मुरलेलं पाणी विहिरींत उतरतं आणि बाकीचं खाडीला जातं. भात लावला नाही म्हणून ते पाणी कुणी बीडला पाठवणार नाही. भंडारा-गोंदियाकडे शेकडो वर्षांचे मालगुजारी तलाव आहेत, पावसाचं पाणी अडवून धानाला देणारी ती व्यवस्थाच आहे. अशा ठिकाणी किलोमागे 2,500 लिटर म्हटलं तरी त्यात घाबरण्यासारखं फार काही नाही.

नुसता आकडा किती फसवतो याचं आपल्या ओळखीचं उदाहरण ज्वारीचं. जागतिक सरासरी काढली तर एक किलो ज्वारीमागे 3,000 लिटरच्या आसपास पाणी येतं. तांदळापेक्षा जास्त! कारण ज्वारीचा उतारा कमी, आणि पाणी भागिले उत्पादन केलं की आकडा फुगतो. पण ते पाणी कसलं आहे? शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरायचा, परतीच्या पावसानं काळ्या रानात जी ओल धरलेली असते तिच्यावर तो वाढतो, थंडीत पोसतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतो. कितीतरी रानांत त्याला एकही पाणी दिलं जात नाही. ती ओल धरणात साठवता आली नसती आणि मोटारीनं उपसताही आली नसती. पेरलं नसतं तर उन्हानं उडूनच गेली असती. शिवाय धान्याबरोबर कडबा मिळतो, जो जनावरं आवडीनं खातात. साळीच्या पेंढ्यात सिलिका जास्त असतं, त्याला कडब्याची सर नाही.

म्हणून पाण्याचे दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. एक, पावसाचं जे पाणी मातीत मुरून पिकानं तिथल्या तिथं वापरलं ते. दुसरं, नदी, धरण, विहीर किंवा बोअरमधून काढून दिलेलं. पहिलं पाणी पीक नसतं तरी बहुतांशी तिथंच राहिलं किंवा उडालं असतं. दुसरं पाणी कुणाच्या तरी वाट्याचं असतं. भांडण या दुसऱ्या पाण्याचं आहे.

पंजाबचं दुखणं हेच आहे. तिथं वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्याच्या सरासरीपेक्षा थोडा कमीच. तरी 1960 च्या सुमारास सव्वादोन लाख हेक्टरवर असलेली साळ पुढे 30 लाख हेक्टरांच्या वर गेली. हरितक्रांतीचं बियाणं, हमीभावानं होणारी खात्रीची सरकारी खरेदी आणि पंपाला मोफत वीज, या तीन गोष्टी एकत्र आल्या की कुठलाही शहाणा शेतकरी साळच लावेल. पंजाबी शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. तो घरी रोटी खातो, तांदूळ देशासाठी पिकवतो, आणि त्याच्या प्रत्येक किलोमागे चार-पाच हजार लिटर पाणी जातं, त्यातलं बरंचसं जमिनीखालून काढलेलं. दरवर्षी जेवढं पाणी तिथं जमिनीत भरतं, त्याच्या दीडपटीहून जास्त उपसा होतो.

2009 मध्ये पंजाबनं कायदा केला की 10 जूनच्या आधी साळीची लावणी करायची नाही. मे-जूनच्या रखरखत्या उन्हात खाचर भरलं की पाणी उडून जातं, ते थांबावं हा हेतू. हेतू योग्यच होता. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली, आणि गव्हाची पेरणी तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत व्हायलाच हवी. मधे राहिले पंधरा-वीस दिवस. एवढ्या दिवसांत हार्वेस्टरनं मागे सोडलेला पेंढा गोळा करायचा कसा? काडी लावणं सोपं पडलं. दिल्लीच्या नोव्हेंबरमधल्या धुराची कारणं बरीच आहेत, त्यांत हे एक आहे. पाणी वाचवायला केलेल्या कायद्याचा परिणाम हवेवर झाला.

आता आपल्याकडे या. पंजाबच्या खाली गाळाची जाड माती आहे, शेकडो फूट खोल. तिनं पन्नास वर्षांचा उपसा सोसला, म्हणून तिथली साळ अजून उभी आहे. मराठवाड्याच्या खाली काळा कातळ आहे, बेसाल्ट. त्याच्या वर मुरमाचा पातळ थर. पाणी मावतं ते या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, खडकाच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के एवढंच. एका चांगल्या पावसाळ्यात ते भरतं आणि एका वाईट वर्षात संपतं. लातूर, बीड, धाराशिवकडे आठशे, हजार फुटांपर्यंत बोअर गेले, तरी धूळच निघाली, हे आपण पाहिलेलं आहे. तितक्या खोलवर लागलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यात परत भरेल याची खात्री नसते. इथं बोअरवर साळ घ्यायची म्हणजे पंजाबनं पन्नास वर्षांत जे केलं ते आपण पाच-सात हंगामांत उरकू.

इथं कुणीतरी उसाचं नाव काढणार, आणि ते काढायलाच हवं. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा असतो आणि मोकाट पाण्यावर एकराला 80 लाख ते 1 कोटी लिटर पितो. मराठवाड्यात पाण्याचा प्रश्न साळीनं आणलेला नाही. उसावर न बोलता इथल्या माणसाला भात कमी खा म्हणणं मला पटत नाही. पण उसावर वेगळं लिहावं लागेल, इथं एवढंच.

पाण्याइतकाच महत्त्वाचा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. खाचरात पाणी उभं राहिलं की काही दिवसांतच खालच्या चिखलातला प्राणवायू संपतो. मग तिथं प्राणवायूशिवाय जगणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून मिथेन तयार करतात. शेणाच्या गोबर गॅसच्या टाकीत जे घडतं तेच, फक्त इथला गॅस शेगडीत न जाता आभाळात जातो. जाण्याची वाटही साळच देते. हवा मुळांपर्यंत नेणाऱ्या ज्या पोकळ्या आपण वर पाहिल्या, त्यांतूनच मिथेन उलटा वर येतो. खाचरातून निघणाऱ्या मिथेनचा बहुतांश भाग बुडबुड्यांनी न येता असा रोपातूनच बाहेर पडतो.

माणसाच्या उद्योगांतून जगात जेवढा मिथेन निघतो, त्यातला सुमारे 8 ते 10 टक्के भातशेतीचा आहे. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 28 पट उष्णता धरतो, वीस वर्षांचा धरला तर 80 पटीच्या वर. पण तो हवेत बारा-एक वर्षंच टिकतो. म्हणजे आज कमी केला तर त्याचा फायदा आपल्याच हयातीत दिसतो. खाचरात ताजं शेण किंवा हिरवा-ओला पेंढा गाडला तर मिथेन वाढतो, नीट कुजलेलं खत घातलं तर तुलनेनं कमी निघतो. एवढी साधी गोष्टसुद्धा उपयोगाची आहे.

मिथेन थांबवायला आणि पाणी वाचवायला उपाय एकच निघाला: खाचर सतत भरलेलं ठेवायचं नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं ओलं-सुकं पद्धत रुजवली. फूटभर लांबीचा पीव्हीसी पाईप घ्यायचा, खालच्या अर्ध्या भागाला चारी बाजूंनी भोकं पाडायची आणि तो भोकांचा भाग मातीत जाईल असा खाचरात रोवायचा. आतली माती काढून टाकायची. मग पाईपमध्ये डोकावलं की जमिनीखाली पाणी किती आहे ते दिसतं. वरून खाचर सुकलेलं वाटतं, पण पाईपमध्ये वितीवर पाणी असतं आणि मुळं आरामात ते ओढत असतात. पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटरपर्यंत उतरलं की पुन्हा बोटभर भरायचं. लावणीनंतर आठ-पंधरा दिवसांनी हे सुरू करायचं आणि फुलोऱ्याच्या आठवडाभर आधीपासून नंतरपर्यंत मात्र पाणी तुटू द्यायचं नाही, नाहीतर दाणे पोचट राहतात. असं केलं तर 30 टक्क्यांपर्यंत पाणी वाचतं आणि मिथेन तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कमी होतो, उत्पादनाला फारसा धक्का न लागता. ओल-सुक्याच्या फेऱ्यांत नायट्रस ऑक्साइड नावाचा दुसरा वायू थोडा वाढतो, विशेषतः युरिया ढिगानं टाकला तर. म्हणून युरिया हप्त्याहप्त्यानं द्यावा लागतो. तरी गोळाबेरीज फायद्याचीच राहते.

पण ही पद्धत आपल्या काळ्या रानात जशीच्या तशी चालत नाही. काळी माती सुकली की आकसते आणि भेगाळते, हे आपल्याकडच्या लहान पोरालाही माहीत आहे. खाचर जरा जास्त सुकू दिलं की चिखलणीनं बसवलेला थर फुटतो. पुढचं पाणी सोडलं की ते आधी भेगांत घुसतं, मुळांना वळसा घालून थेट खाली जातं, आणि वाचवलेलं पाणी तिथंच गमावतं. म्हणून काळ्या रानात पाईपमधल्या 15 सेंटिमीटरच्या खुणेपेक्षा जमिनीवरच्या भेगांकडे जास्त लक्ष ठेवावं. केसाएवढी भेग दिसली की पाणी द्यावं.

मराठवाड्यासाठी अधिक योग्य वाट जुनीच आहे, पेरसाळ. चिखलणी नाही, रोपवाटिका नाही, लावणी नाही. जूनमध्ये पाऊस झाला की पाभरीनं ज्वारीसारखी पेरायची आणि पावसावर वाढवायची. परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 मध्ये उभं राहिलं, तिथं या कोरडवाहू साळीवर बरंच काम झालेलं आहे. प्रभावती, तेरणा, पराग हे तिथले वाण. नांदेडच्या किनवट-माहूर पट्ट्यात, जिथं मराठवाड्यातला सर्वांत जास्त पाऊस पडतो, तिथं किंवा पाणी साचणाऱ्या खोलगट रानात पेरसाळ घेण्यात अर्थ आहे. जमिनीत हवा खेळती असते म्हणून मिथेन जवळपास होतच नाही.

अडचणी दोन आहेत. पहिली तणाची, उभं पाणी नाही म्हटल्यावर तण येणारच. पेरणीनंतर पहिले तीस-चाळीस दिवस कोळपणी आणि खुरपणीत हयगय केली की पीक गेलं. दुसरी अडचण नवख्याला गोंधळात टाकते. पेरसाळ वीतभर झाली की कोवळी पानं पिवळी पडू लागतात. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, पुढे पान पांढरटच होतं. बघणाऱ्याला वाटतं नत्र कमी पडलं, आणि तो युरिया टाकतो. पण नत्राची कमतरता आधी जुन्या, खालच्या पानांवर दिसते. इथं नवी पानं पिवळी आहेत, म्हणजे कमतरता लोहाची आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात लोह भरपूर असतं, पण ते अशा रूपात असतं की मुळांना उचलता येत नाही. उभ्या पाण्यात प्राणवायू नसल्यानं तेच लोह विरघळतं आणि साळीला मिळतं. पेरसाळीत ती सोय नाही. उपाय स्वस्त आहे: अर्धा टक्का फेरस सल्फेटची फवारणी, म्हणजे दहा लिटर पाण्याला 50 ग्रॅम, पानं हिरवी होईपर्यंत आठ-दहा दिवसांच्या अंतरानं.

एवढं सगळं झालं तरी मराठवाड्याला लागणारा तांदूळ मराठवाड्यात पिकणार नाही, आणि पिकूही नये. मग आपल्या ताटातला तांदूळ येतो कुठून? एक वाट आपल्या डोळ्यांसमोर वाहते. नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळ गोदावरीवर बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार त्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. पावसाळ्यातलं गोदावरीचं पाणी पुढे तेलंगणात पोचमपाडच्या धरणात जातं आणि निजामाबाद, जगित्याल, करीमनगरकडच्या साळीला मिळतं. नदी सगळ्यांची आहे, त्यांचाही हक्क आहे. पण तांदूळ विकत घेताना आपण पाणीच विकत घेत असतो, हे या एका बंधाऱ्यावर उभं राहिलं की समजतं.

रेशनचं बघा. अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. पाच माणसांच्या घरात 25 किलो, त्यात 15 किलो तांदूळ धरला तर किलोमागे 2,500 लिटरनं महिन्याला साडेसदतीस हजार लिटर पाणी घरात येतं. वर्षाचे झाले साडेचार लाख लिटर, दहा हजारांचे 45 टँकर. आणि देशाच्या पातळीवर? जगात जेवढा तांदूळ देशादेशांत विकला जातो, त्यातला सुमारे 40 टक्के भारताचा असतो. वर्षाला 2 कोटी टन निर्यात धरली, तर त्यामागचं पाणी काठोकाठ भरलेली सतरा जायकवाडी धरणं होतील. त्यातलं बरंचसं पावसाचं आहे, ते धरणातून काढलेलं नाही, हे वरच्या हिशेबानं लक्षात ठेवायचं. पण जेवढा भाग पंजाब-हरियाणाच्या बोअरमधून येतो, तेवढं पाणी जहाजात बसून कायमचं गेलं.

म्हणून मराठवाड्यात भात खाऊ नका असं मी म्हणणार नाही. गरिबाच्या घरी चूल पेटते ती रेशनच्या तांदळावर. माझी मागणी दुकानात काय येतं याबद्दल आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य 1 रुपया किलोनं देण्याची सोय होती, 2023 पासून सगळंच धान्य फुकट झालं. म्हणजे रेशनवर ज्वारी द्यायला कायद्याची अडचण नाही. हमीभावाचीही नाही: 2025-26 च्या हंगामाला साध्या साळीला क्विंटलला 2,369 रुपये, संकरित ज्वारीला 3,699 आणि मालदांडी ज्वारीला 3,749. अडचण खरेदीत आहे. पंजाबात साळ बाजारात आली की सरकारी काटा लागलेला असतो. आपल्याकडे ज्वारी निघते तेव्हा काटा लागतोच असं नाही, मग ती व्यापारी सांगेल त्या भावानं जाते आणि पुढच्या जूनमध्ये त्या रानात सोयाबीन पेरलं जातं. बीड, परभणी, जालन्याची ज्वारी तिथल्याच बाजार समितीत वेळेवर हमीभावानं मोजून घेतली आणि तिथल्याच रेशन दुकानांत पाठवली, तर पंजाबच्या बोअरवरचा भार तेवढा कमी होईल, शेतकऱ्याकडे कडबा राहील, आणि जे घर आज 15 किलो तांदूळ उचलतं त्याला त्यातली पाच किलो ज्वारी घ्यायची का नाही, हे स्वतः ठरवता येईल.